नियम पाच, नियम सहा

३ नोव्हेंबर १९८५ या तारखेचे एक टिपण शिल्लक आहे. लिहिणारे जॉन क्वार्टरमन. युनिक्सचे मानक कसे असावे याची त्या काळी जी जाहीर चर्चा चालू होती, तिच्यात त्यांनी ते प्रसृत केले. टिपणाखाली सी भाषेतला जेमतेम साठेक ओळींचा कोड जोडलेला आहे. त्याचे नाव गेटऑप्ट. कमांडच्या नावापुढे आपण जे टाइप करतो त्यातले ऑप्शन कोणते, त्या ऑप्शनांची आर्ग्युमेंट कोणती आणि उरलेली फाइलींची नावे कोणती, एवढे निवडून देणे हे त्याचे काम. कोड एटी अँड टीचा. त्याच वर्षी डॅलसला भरलेल्या युनिफोरम परिषदेत कंपनीने तो वाटला होता. क्वार्टरमन यांनी तो थेट कंपनीकडून मागवून घेतला आणि तो सार्वजनिक मालकीचा असल्याची खात्रीही करून घेतली.

त्या टिपणातला पुढचा मजकूर मला कोडपेक्षाही मोलाचा वाटतो. सोबत मॅन्युअलचे पान नाही, असे क्वार्टरमन सांगतात आणि कारणही देतात. डॅलसला वाटलेले पान आणि सिस्टिम फाइव्ह या कंपनीच्या युनिक्सच्या दुसऱ्या आवृत्तीतले चालू पान यांच्यात थोडा फरक होता. डॅलसच्या पानावर नियम पाच आणि नियम सहा यांविषयी एक सूचना होती: आर्ग्युमेंट घेणारा ऑप्शन इतर ऑप्शनांच्या गटात बांधू नये, आणि ऑप्शन व त्याचे आर्ग्युमेंट यांच्यामध्ये जागा सोडावी. कोड मात्र दोन्ही बाबतीत सैल आहे. जागा सोडली तरी चालते, नाही सोडली तरी चालते. गटातल्या शेवटच्या ऑप्शनाला आर्ग्युमेंट देता येते. डॅलसच्या त्या पानाला अधिकृत अस्तित्वच नाही, असेही ते नोंदवतात. चालू पान कोडच्या वागण्याशी जुळते, पण ते परवान्याखालचे असल्यामुळे त्यांनी ते जोडलेले नाही.

म्हणजे १९८५ च्या अखेरीस एकाच वागण्याविषयी वेगवेगळे बोलणारे कागद होते. नियमांवर बोट ठेवले तर गेटऑप्टमध्ये दोन बग आहेत. अधिकृत पानावर बोट ठेवले तर एकही नाही. कोड दोन्ही वेळी तोच.

हे नियम आले कुठून? कमांडा लिहिणाऱ्या प्रत्येकाने ऑप्शन आपापल्या मर्जीने वाचायचे, अशी युनिक्सची सुरुवातीची रीत होती. त्या गोंधळाला शिस्त लावण्यासाठी १९८४ मध्ये कॅथलीन हेमेनवे आणि हेलीन आर्मिटेज यांनी कमांडच्या मांडणीचे प्रस्तावित मानक मांडले. त्यातून आलेले तेरा नियम पुढे सिस्टिम फाइव्हच्या मॅन्युअलमध्ये छापले गेले. कमांडचे नाव दोन ते नऊ अक्षरांचे असावे, ऑप्शन एका अक्षराचा असावा, सगळे ऑप्शन फाइलींच्या नावांआधी यावेत, दोन डॅश आले की ऑप्शन संपले असे समजावे, अशी ती यादी. तिच्यातला पाचवा नियम गट बांधण्याविषयी आणि सहावा जागा सोडण्याविषयी.

पुढे शेलमध्ये गेटऑप्ट्स ही कमांड आली. सिस्टिम फाइव्हच्या मॅन्युअलमधले तिचे पान फार प्रामाणिक आहे. नियम पाच आणि नियम सहा मोडणारी एकेक कमांड त्यात उदाहरणादाखल दिली आहे. आज या कमांडा चालतात, पण त्या वापरू नका, पुढच्या आवृत्तीत ही सवलत कदाचित राहणार नाही, अशी ताकीदही दिली आहे. नियम करणाऱ्यांना कोडची सैल वागणूक पूर्ण ठाऊक होती आणि ती एक दिवस बंद करण्याची वाट त्यांनी मोकळी ठेवली होती, हे या पानावरून ठरते.

तो दिवस आला नाही. लोकांच्या बोटांना सवय लागली होती ती गट बांधण्याची. आजही टार वापरणारा माणूस शेवटी एफ ठेवून अक्षरे एकत्र लिहितो आणि पुढे फाइलचे नाव देतो. युनिक्ससाठीच्या पॉझिक्स मानकाच्या २००१ च्या आवृत्तीतली पाचवी मार्गदर्शक सूचना आर्ग्युमेंट न घेणाऱ्या ऑप्शनांचा गट स्वीकारावा एवढेच म्हणते. २००८ च्या आवृत्तीत तीच सूचना बदललेली आहे. आर्ग्युमेंट न घेणारे ऑप्शन, आणि त्यांच्यामागोमाग आर्ग्युमेंट घेणारा जास्तीत जास्त एक ऑप्शन, असा गटही स्वीकारावा असे ती सांगते. १९८५ मध्ये नियमभंग म्हणून नोंदवलेली गोष्ट २००८ मध्ये नियमात बसली. मधल्या काळात त्या जागी कोड बदलला नव्हता, त्याच्या शेजारचा कागद बदलला होता.

या कागदांकडे मी वळलो ते माधापूरच्या एका ऑफिसातल्या प्रश्नामुळे. नांदेडहून हैदराबादला येऊन नुकताच रुजू झालेला एक तरुण सहकारी एका स्क्रिप्टशी झगडत होता. स्क्रिप्टमध्ये आमच्याच एका लहानशा टूलला ‘-ओ’ हा ऑप्शन, त्याच्यापुढे निकालाच्या फाइलचे नाव असलेले व्हेरिएबल आणि मग ‘-व्ही’ असे लिहिलेले होते. एका रात्री ते व्हेरिएबल रिकामे राहिले. टूलने काहीही तक्रार केली नाही. सकाळी डिरेक्टरीत ‘-व्ही’ नावाची फाइल पडलेली, आणि तपशीलवार लॉग हवा म्हणून दिलेला ‘-व्ही’ ऑप्शन लागूच झालेला नाही. फाइल पुसायला गेले तर आरएम कमांड ते नाव स्वतःचाच ऑप्शन समजून बसे. नावाआधी टिंब आणि तिरपी रेघ लावली तेव्हा ती फाइल गेली.

“सर, हा सरळ बग आहे,” तो म्हणाला. “पुढचा शब्द डॅशने सुरू होतोय. एवढं पार्सरला कळायला नको का?”

प्रश्न रास्त होता. वागणे विचित्र आहे यात वादच नव्हता. पण विचित्र आणि चूक या दोन गोष्टी एक नाहीत, आणि त्यांतला फरक नुसत्या वागण्याकडे पाहून ठरत नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठी संशोधकांना एक गोष्ट पक्की शिकवून ठेवली आहे: ढीगभर बखरींपुढे एका अस्सल चिठोऱ्याचे वजन अधिक. याच हैदराबाद संस्थानात नोकरी केलेले निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी फारसी कागद मुळातून वाचत आणि मगच बोलत. तारनाक्याच्या अभिलेखागारात मोगल अमदानीतले असे फारसी कागद आजही सांभाळलेले आहेत. सॉफ्टवेअरच्या वादातही बखरी फार असतात. ‘हे पहिल्यापासून असंच आहे’, ‘युनिक्समध्ये असं चालत नाही’, ‘अमुक टूलमध्ये तर बरोबर चालतं’. यांतले प्रत्येक वाक्य तपासून पाहावे लागते. कागद चार प्रकारचे: कोड, मॅन्युअल, मानक आणि पूर्वीच्या तक्रारींची नोंद. प्रत्येकावर तारीख असते, आणि तारखांचा क्रम लावल्याशिवाय कोण कोणाला उत्तर देतो आहे हे उमगत नाही.

तेव्हा आधी कोड. आमचे टूल पार्सर म्हणून गेटऑप्टच वापरत होते, म्हणून मूळ कागद १९८५ चाच. आर्ग्युमेंट घेणारे अक्षर सापडले की त्या कोडमध्ये तीन वाटा फुटतात. त्याच शब्दात पुढे आणखी अक्षरे असतील तर तीच आर्ग्युमेंट. अक्षरे नसतील आणि पुढे शब्दही उरला नसेल तर ‘या ऑप्शनला आर्ग्युमेंट लागते’ अशी तक्रार. शब्द उरला असेल तर तो उचलायचा आणि पुढे सरकायचे. त्या शब्दाचे पहिले अक्षर काय आहे याची विचारपूस या तिसऱ्या वाटेवर कुठेही नाही.

लिहिणाऱ्याच्या नजरेतून ती सुटली असेल का? त्याच फंक्शनच्या वरच्या भागात, नवा शब्द वाचायला घेताना, पहिले अक्षर डॅश आहे का हे तपासलेले आहे. नुसता एकटा डॅश असेल तर थांबायचे, हे तपासलेले आहे. शब्द म्हणजे नेमके दोन डॅश आहेत का, हेही तपासलेले आहे. एवढी काळजी घेणाऱ्याला खाली एक ओळ वाढवणे अवघड नव्हते. तेव्हा ती तपासणी जाणूनबुजून ठेवलेली नाही, असा तर्क मी करतो. कोड एवढाच एक कागद असता तर मी याहून पुढे गेलो नसतो.

पण मानकाचा कागद इथे निःसंदिग्ध आहे. पॉझिक्समधले गेटऑप्टचे वर्णन सांगते की ऑप्शनचे अक्षर शब्दाच्या शेवटी आले असेल तर यादीतला पुढचा शब्द हे त्याचे आर्ग्युमेंट, आणि पुढे सरकणारा आकडा दोनने वाढवायचा. त्या वाढीनंतर आकडा यादीच्या बाहेर गेला तरच आर्ग्युमेंट राहून गेले असे समजायचे. पुढचा शब्द कसा दिसतो याला या व्याख्येत जागाच नाही. आणखी एक बारकावा दहाव्या मार्गदर्शक सूचनेत आहे. दोन डॅश म्हणजे ऑप्शनांचा शेवट हे सांगताना तिने एक अट जोडली आहे: जे दोन डॅश स्वतःच कोणा ऑप्शनाचे आर्ग्युमेंट नाहीत असे पहिले दोन डॅश. ही अट लिहिणाऱ्यांनी ‘-ओ’ च्या पुढे दोन डॅश येण्याची शक्यता डोळ्यांपुढे ठेवली होती आणि तिचा निकाल ‘-ओ’ च्या बाजूने दिला होता. तोच निकाल ‘-व्ही’ ला लागू होतो.

असा निकाल का, याचे उत्तर मजकूर शोधणाऱ्या ग्रेप कमांडमध्ये सापडते. ग्रेपला ‘-ई’ हा ऑप्शन आहे. त्याचा एक उपयोग मॅन्युअलमध्येच दिला आहे: शोधायचा मजकूर डॅशने सुरू होत असेल तर तो ‘-ई’ च्या पुढे लिहावा. गेटऑप्टने डॅशवाला शब्द आर्ग्युमेंट म्हणून नाकारला असता तर हा उपयोग तिथेच संपला असता. उणे पाच हा आकडा द्यायचा असला तरी तीच अडचण. माझ्या सहकाऱ्याला जो दोष वाटला, त्याच्यावरच दुसऱ्या कोणाचे रोजचे काम उभे होते.

आम्ही नोंद बंद केली: पार्सरमध्ये बग नाही, स्क्रिप्टमध्ये आहे. व्हेरिएबल अवतरणचिन्हांत घातले असते तर ते रिकामे असतानाही एक रिकामा शब्द म्हणून पुढे गेले असते. ‘-ओ’ ने तोच उचलला असता, रिकाम्या नावाची फाइल उघडता आली नसती आणि टूल तिथल्या तिथे ओरडून थांबले असते. दुरुस्ती दोन अवतरणचिन्हांची. सहकाऱ्याचे समाधान मात्र चटकन झाले नाही, आणि ते मला योग्य वाटले. मानकाने परवानगी दिलेले वागणे वापरणाऱ्याला गोत्यात आणू शकते, ही त्याची तक्रार खोटी नव्हती. आमच्या टूलने फाइल उघडण्याआधी तिचे नाव डॅशने सुरू होते का ते पाहावे, असे त्याने सुचवले आणि आम्ही ते केले. फाइलच्या नावाची जाण टूलला असते, पार्सरला नसते. म्हणून ती तपासणी तिथेच शोभते.

ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या गेटऑप्टची गोष्ट वेगळी आहे. त्या फाइलच्या माथ्यावर हक्काचे वर्ष १९८७ पासून दिलेले आहे आणि त्याखाली वागण्यातला फरक स्वच्छ सांगितलेला आहे. हे गेटऑप्ट फाइलींच्या नावांमध्ये विखुरलेले ऑप्शनही वेचून पुढे आणते, म्हणजे आधी नाव आणि मग ऑप्शन असे लिहिले तरी चालते. ऑप्शन आधी यावेत हा नियम त्याने उघडपणे बाजूला ठेवला, आणि ज्याला मानकाप्रमाणेच वागणे हवे त्याच्यासाठी पॉझिक्सली_करेक्ट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिले. त्याचमुळे लिनक्सवर लिहिलेली कमांड मॅकवर अडते. एलएस, मग डिरेक्टरीचे नाव आणि शेवटी ‘-एल’ असे दिले की मॅकची एलएस ‘-एल’ नावाची फाइल शोधू लागते. दोघांपैकी कोणाचाही बग नाही. दोघांनी आपापला कायदा आधीच लिहून ठेवलेला आहे.

कायदा तारखेवर किती अवलंबून असतो हे ग्नूच्याच सॉर्टमध्ये सर्वांत स्वच्छ दिसते. कितव्या रकान्यापासून क्रम लावायचा हे सांगण्यासाठी जुन्या युनिक्समध्ये अधिक चिन्ह लावून आकडा देत. ‘सॉर्ट +१’ म्हणजे पहिला रकाना सोडून पुढे. २००१ च्या मानकाने ही रीत काढून टाकली. आता ‘+१’ हे एखाद्या फाइलचे नावही असू शकते. वर्षानुवर्षे चाललेल्या स्क्रिप्टा एकाएकी ‘+१’ नावाची फाइल शोधू लागल्या तर लिहिणारा त्याला बगच म्हणणार. ग्नूच्या लोकांनी यासाठी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवले, _पॉझिक्स२_व्हर्जन. त्यात वर्ष आणि महिना लिहायचा: १९९२०९ लिहिले की जुना अर्थ, २००११२ लिहिले की नवा. एकच कमांड, एकच प्रोग्रॅम, आणि तिचा अर्थ कोणत्या तारखेच्या कायद्याने लावायचा हे वापरणाऱ्याने सांगायचे. तारीख पाहिल्याशिवाय निवाडा करता येत नाही, हे इतक्या उघडपणे मान्य करणारे दुसरे सॉफ्टवेअर माझ्या पाहण्यात नाही.

मॅन्युअलच्या पानावर स्वतःचे दोष छापण्याची रीत युनिक्समध्ये पहिल्यापासून आहे. ३ नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्येच केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी कमांडांच्या पानांवर ‘बग्ज’ हा मथळा ठेवला होता. तो मथळा वाचायचा असतो, कारण तिथे लिहिलेले वागणे लेखकांनी दोष म्हणून कबूल केलेले असते आणि मग वाद उरत नाही. लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये गेटऑप्टच्या पानावर या मथळ्याखाली एक विलक्षण नोंद होती. पॉझिक्स २ मधल्या गेटऑप्टच्या वर्णनातच एक तांत्रिक चूक आहे, तिचा खुलासा निर्वचन क्रमांक १५० मध्ये झाला आहे, आणि ग्नूचा कोड मानकात लिहिल्याप्रमाणे न वागता बरोबर वागतो, असे ती सांगे. म्हणजे मानक हा कागद सर्वांत वरचा असला तरी तोही तपासण्यापलीकडचा नाही. त्याच्यावर दुसरा कागद येऊ शकतो.

एवढ्या तयारीने पायथनकडे पाहिले की दोन नोंदी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. आर्गपार्स हा पायथनचा आजचा मुख्य पार्सर. लांब ऑप्शनचे नाव अर्धे लिहिले तरी तो ओळखतो. ही सवलत बंद करता यावी म्हणून ३.५ या आवृत्तीत ‘अलाउ_अॅब्रेव्ह’ आले. दस्तऐवजात त्याचे काम एका वाक्यात दिले होते आणि ते वाक्य फक्त लांब ऑप्शनांविषयी बोलत होते. प्रत्यक्षात ते बंद केले की ‘-व्हीव्ही’ असा लहान ऑप्शनांचा गटही चालेनासा होई. या वागण्याला कोणत्याच कागदाचा आधार नव्हता. हा निखळ बग. ३.८ मध्ये तो दुरुस्त झाला, आणि आधी काय होत असे हे दस्तऐवजातही नोंदले गेले.

दुसरी नोंद पायथनच्या तक्रारींच्या यादीतली, क्रमांक ९३३४, २०१० सालची. ऑप्शनचे आर्ग्युमेंट डॅशने सुरू होत असेल तर आर्गपार्स ते घेत नाही. आधीचा ऑप्टपार्स घेत असे. ग्रेपच्या ‘-ई’ सारखा ऑप्शन आर्गपार्सने लिहिला आणि पुढे डॅशचा मजकूर दिला, तर आर्ग्युमेंट मिळाले नाही अशी तक्रार येते. गेटऑप्टच्या नेमके उलट: इथे शब्दाचे पहिले अक्षर आधी पाहिले जाते आणि मग तो कोणाचा हे ठरते. माझ्या सहकाऱ्याला हवे होते ते हेच. आर्गपार्सचा दस्तऐवज स्वतःची बाजू मांडतो. काही प्रसंग मुळातच दुहेरी अर्थाचे असतात, तिथे हा पार्सर सावध राहतो, आणि उणे आकड्यासारखा दिसणारा शब्द तेवढा, तोही पार्सरमध्ये तसा दिसणारा ऑप्शन नसेल तर, सोडतो. एवढ्यावर थांबलो तर निकाल गेटऑप्टसारखाच लागतो: लिहून ठेवलेले वागणे, बग नाही.

पण इथे आणखी एक कागद आहे. स्टीव्हन बेथर्ड यांनी २००९ मध्ये लिहिलेला पेप ३८९ हा प्रस्ताव आर्गपार्सला पायथनच्या मानक संग्रहात घेण्याविषयीचा आहे. ऑप्टपार्सचे आतले कामकाज बाहेर उघडे पडल्यामुळे त्यातच नव्या सोयी घालता येत नाहीत, म्हणून नवा पार्सर, असे त्यात स्पष्ट केले आहे. पुढे २.७ च्या दस्तऐवजाने ऑप्टपार्सला निवृत्त ठरवून लोकांना आर्गपार्सकडे पाठवले. एकाच्या जागी दुसऱ्याला बसवताना पहिला जे करत असे ते दुसऱ्याला जमेल, हे आश्वासन त्या पाठवण्यात आहे. ऑप्टपार्सवर चालणारी कमांड आर्गपार्सवर मोडते तेव्हा ते आश्वासन मोडते. म्हणून ९३३४ ला मी बग म्हणतो. आर्गपार्स स्वतंत्रपणे जन्मला असता, कोणाचा वारस म्हणून आला नसता, तर त्याच वागण्याला मी बग म्हटले नसते. जिथे आर्ग्युमेंट डॅशने सुरू होण्याची शक्यता आहे तिथे आर्गपार्समध्ये ऑप्शनचे लांब नाव लिहून बरोबरीच्या चिन्हाने आर्ग्युमेंट जोडावे. तसे दिले की ते तो निमूट घेतो.